ब्रेत्सेल, ब्रेत्सन की प्रेट्झेल? आधी नाव ओळखा, मग पीठ मळा

श्टुटगार्टच्या बेकरीत पाटीवर ‘ब्रेत्सेल’, म्युनिकमध्ये ‘ब्रेत्सन’, ऱ्हाइन ओलांडून स्ट्रासबुर्गला गेलं की ‘ब्रेत्झेल’, आणि मुंबईच्या सुपरमार्केटमधल्या पाकिटावर ‘प्रेट्झेल’. ही चारही नावं पिठाच्या दोरीला वेढा देऊन वळलेल्या तपकिरी जर्मन पावाची; दोरीच्या जाड मध्याला पोट म्हणायचं आणि बारीक टोकांना हात. ही नुसती स्पेलिंगची गंमत नाही. त्यात लोणी किती, हात जाड की बारीक, पोटावर चीर आहे की नाही, याचा अंदाज बऱ्याचदा नावावरूनच येतो. घरी करताना कृतीही त्याप्रमाणे बदलते. त्यामुळे आपल्याला नेमकी कोणती हवी आहे हे मैदा मोजायच्या आधी ठरवा.

लिंगाचंही आताच मिटवू. जर्मनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, मराठीत अजून कुणी ठरवलेलं नाही. चकलीच्या पंगतीत बसायची तर ‘ती’च शोभते, म्हणून इथे ‘ती’.

नावं आणि स्पेलिंग

मूळ लॅटिन शब्द हात या अर्थाचा: ब्राकियुम. त्यावरून जुन्या जर्मनमध्ये ‘ब्रेत्सितेला’ झालं आणि ते झिजत ‘ब्रेत्सेल’. घडी घातलेले दोन हात डोळ्यांपुढे आणले की आकार समजतो. प्रार्थना पाठ केलेल्या मुलांना बक्षीस म्हणून एका इटालियन साधूने सन ६१० मध्ये हा पाव दिला, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळेल. तिला पुरावा नाही.

आजचं प्रमाण जर्मन स्पेलिंग बी-आर-ई-झेड-ई-एल. त्यात टी नाही. जर्मन झेडचा उच्चार मुळात ‘त्स’ असल्यामुळे वेगळा टी लिहायची गरज पडत नाही. जुन्या लिखाणात, काही दुकानांच्या नावांत आणि फ्रान्सच्या अल्सास भागात मात्र झेडच्या आधी टी दिसतो. इंग्रजीत तो टी टिकला आणि सुरुवातीच्या बीचा पी झाला. दक्षिण जर्मनीतला ‘ब’ इतका अघोष असतो की मराठी कानाला तो सरळ ‘प’ वाटतो. तिथल्या बेकरीत तुम्हाला ‘प्रेत्सन’ ऐकू आलं तर कान ठीक आहेत.

या ‘त्स’साठी मराठी माणसाला वेगळी शिकवणी नको. ‘चिंच’ सावकाश म्हणून पाहा. पहिल्या ‘चि’ला जीभ टाळूला लागते, शेवटच्या ‘च’ला दातांच्या मागे. जर्मन झेड म्हणजे हा दुसरा च, चोरातला आणि चुलीतला. देवनागरीत ‘ब्रेचेल’ लिहावं तर एकाराच्या मागचा च आपण ‘चेहरा’तल्यासारखा वाचणार, म्हणून ‘त्स’ लिहिणं बरं.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिककडच्या भागात, आणि ऑस्ट्रियात शेवटचा ‘ल’ गळतो. ‘ब्रेत्से’ किंवा ‘ब्रेत्सन’. बोलताना एक ब्रेत्सन, दोन ब्रेत्सन. अनेकवचनाला वेगळं रूप लागत नाही. मध्ये अपॉस्ट्रफी दिसली तर ती फक्त गिळलेल्या स्वराची खूण आहे, उच्चारात काही वाढवायचं नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये बव्हेरियन ब्रेत्सनला भौगोलिक संरक्षण दिलं, तेव्हा नोंदीत चार रूपं शेजारी-शेजारी ठेवावी लागली: ब्रेत्से, ब्रेत्सन, अपॉस्ट्रफीवाली ब्रेत्सन आणि ब्रेत्सेल. सरकारी कागदालाही एक स्पेलिंग निवडता आलं नाही, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.

शेजारच्या भाषांत पोलिश ‘प्रेत्सेल’, चेक ‘प्रेत्सलीक’, हंगेरियन ‘पेरेत्स’ ही एकाच घरातली. स्वित्झर्लंडमधली ‘ब्रेत्सेली’ मात्र फसवते. ते पातळ, गोड, साच्यात भाजलेलं बिस्किट असतं. मऊ पावाच्या आशेने घेतलंत तर निराशा होईल.

नावाच्या आधी ‘लाउगन’ हा शब्द असेल तर पीठ क्षारात, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, बुडवून भाजलेलं आहे. लाउगन-ब्रेत्सेल ही आपली ओळखीची तपकिरी. लाउगन-श्टांगे म्हणजे त्याच पिठाची सरळ कांडी. नववर्षाची ‘नॉययार्स-ब्रेत्सेल’ गोड पिठाची, भलीमोठी, आणि क्षाराशिवाय. शाकाहारी असाल तर ‘श्माल्त्स’ शब्द लक्षात ठेवा. ती चरबी, बहुधा डुकराची, आणि काही बेकऱ्या लोण्याऐवजी ती घालतात. विचारून घ्या.

श्वाबियन की बव्हेरियन

श्टुटगार्टकडची, म्हणजे श्वाबियन ब्रेत्सेल पोटाने जाड आणि हाताने काटकुळी. हात पोटाच्या जवळ, खाली चिकटवलेले. पोटावर आडवी चीर, ती भाजताना उमलून पांढरी दिसते. पिठात लोणी जास्त. हात कुरकुरीत, पोट मऊ, असे दोन पदार्थ एकातच मिळतात. पोट आडवं कापून आत थंड लोण्याचा थर देऊन ‘बुटर-ब्रेत्सेल’ खातात ती हीच. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. वडापावाची अदलाबदल अजून झालेली दिसत नाही.)

बव्हेरियन ब्रेत्सनचे हात जाड आणि वरच्या बाजूला चिकटवलेले असतात, त्यामुळे तेही मऊ राहतात. लोणी कमी. चीर देत नाहीत, कवच आपोआप जागोजाग तडकतं. गोड मोहरीबरोबर किंवा चीज कालवून केलेल्या ओबात्स्दाबरोबर ती खातात.

‘प्रेट्झेल’ म्हटलं की दोन अमेरिकन गोष्टी येतात. एक म्हणजे पाकिटातली कडक, छोटी. पेनसिल्वेनियातल्या लिटिट्झ गावात ज्युलियस स्टर्जिसने १८६१ मध्ये कडक प्रेट्झेलची बेकरी काढली, त्या परंपरेतली ही. दुसरी म्हणजे मॉलमध्ये मिळणारी, वितळलेल्या लोण्यात न्हालेली, जरा गोडसर. ती साध्या सोड्याच्या पाण्यातही जमते. जर्मन जमत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

पहिल्या वेळी बव्हेरियन करा. जाड हात तुटत नाहीत आणि जळतही नाहीत.

पीठ

आठ नगांसाठी मैदा ५०० ग्रॅम, पाणी २६५ ग्रॅम, मीठ १०, इन्स्टंट यीस्ट ५, मऊ लोणी १५, साखर किंवा बार्ली माल्ट ५. सगळं मिळून ८०० ग्रॅम, म्हणजे नगाला बरोबर १००. श्वाबियन हवी असेल तर लोणी ४० आणि पाणी २४० करा.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनं पाहा. शंभर ग्रॅमला ११ किंवा जास्त असतील तर उत्तम. १० च्या खाली असतील तर १० ग्रॅम मैदा काढून तेवढंच व्हायटल ग्लूटेन (गव्हाच्या प्रथिनाची पूड) घाला. गव्हाचं पीठ मिसळू नका, कोंड्याने दोरी ताणताना तुटते.

हे पीठ पावाच्या पिठासारखं सैल नसतं, पुरीच्या कणकेइतकं घट्ट असतं. नवखे इथेच चुकतात. दोन मिनिटं मळलं की पीठ कोरडं वाटतं, हात आपोआप पाण्याकडे जातो. घालू नका. पाच मिनिटं झाकून ठेवा, मग पुन्हा मळा; तेच पीठ मऊ लागेल. हाताने एकूण १० ते १२ मिनिटं मळावं लागतं. सैल पिठाची ब्रेत्सेल क्षारातून काढताना लोंबते आणि भाजताना पसरून भाकरी होते.

मळून झाल्यावर पीठ २४-२५ अंशांवर असायला हवं. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपुरात फ्रिजचं पाणी वापरा आणि यीस्ट ३ ग्रॅमवर आणा. पावाला पीठ दुप्पट फुगवतात, तसं इथे करायचं नाही. झाकून २० मिनिटं ठेवलं की पुरे. जास्त फुगलेल्या पिठात मोठे बुडबुडे होतात आणि तेच पुढे कवचावर फोड म्हणून दिसतात.

वळणं

आठ गोळे करा, प्रत्येकाची १५-२० सेंटिमीटरची जाडसर वळी करून १० मिनिटं झाका. ही विश्रांती टाळली तर दोरी रबरासारखी मागे येते.

ओट्यावर पीठ भुरभुरू नका. पिठावर दोरी घसरते, लांबत नाही, आणि नंतर सांधेही चिकटत नाहीत. ओटा ओल्या फडक्याने नुसता पुसून घ्या, तेवढी पकड पुरते. दोन्ही तळवे मध्यावर ठेवून बाहेरच्या दिशेने लाटत जा, कडबोळ्याची वळी करतो तसं, पण दाब टोकांकडे वाढवत. मध्य सुमारे ३ सेंटिमीटर जाड ठेवायचा, हाच पुढे पोट होतो. लांबी ५५ ते ६० सेंटिमीटर. बव्हेरियनसाठी टोकं करंगळीएवढी, श्वाबियनसाठी पेन्सिलीएवढी.

१. दोरी इंग्रजी यू आकारात ठेवा. जाड भाग तुमच्याकडे, टोकं पलीकडे.

२. टोकांच्या थोडं अलीकडे दोन्ही हात एकमेकांवरून न्या, आणि पुन्हा एकदा न्या. एकूण दोन वेढे. एकच वेढा घेतला तर भाजताना गाठ उघडते.

३. टोकं उचलून पोटावर आणा. घड्याळाच्या तबकडीवर चार आणि आठ वाजता चिकटवली तर श्वाबियन, तीन आणि नऊला चिकटवली तर बव्हेरियन.

४. टोकं बोटाने घट्ट दाबा. चिकटत नसतील तर पाण्याचा एक थेंब लावा.

बेकरीतले कारागीर दोरी हवेत फिरवून एका झटक्यात हा वेढा घालतात. व्हिडिओत फार सोपं दिसतं. पहिली पन्नास ओट्यावरच वळा.

वळलेल्या ब्रेत्सेल ट्रेवर २० मिनिटं ठेवा, मग तास-दीड तास फ्रिजमध्ये, न झाकता. न झाकता हे मुद्दाम. वरचं कातडं वाळून चामड्यासारखं झालं पाहिजे. त्याने दोन गोष्टी साधतात: थंड, ताठ पीठ हातात धरून बुडवता येतं, आणि कोरड्या कातड्यावर क्षार एकसारखा बसून चकाकी येते. दमट हवेत फ्रिजमधून काढताच वर दव धरतं. एकेकच काढून लगेच बुडवा.

क्षाराचं पाणी

ब्रेत्सेलचा रंग, चकाकी आणि तो किंचित खनिजासारखा वास यातलं काहीच पिठातून येत नाही, सगळं या पाण्यातून येतं. तीव्र क्षारात वरच्या थरातली प्रथिनं तुटतात, स्टार्च फुगून पातळ पापुद्रा बनतो, आणि ओव्हनमध्ये त्या थराचा रंग साध्या पावापेक्षा खूप लवकर गडद होतो. जर्मन बेकरीत यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात, म्हणजे कॉस्टिक सोडा. खाद्यपदार्थासाठी त्याच्या द्रावणाची कायद्याने कमाल मर्यादा ४ टक्के. घरी ३ टक्के पुरतं. भाजताना तो ओव्हनमधल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट होतो, म्हणून तयार ब्रेत्सेल खायला निर्धोक. द्रावण मात्र मुळीच निर्धोक नाही.

पाकिटावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलाच घ्या. नाली साफ करायच्या पावडरीत बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात, ती चालत नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्या, पायात चप्पल. मुलं आणि मांजर स्वयंपाकघराबाहेर.

स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या भांड्यात ९७० ग्रॅम थंड पाणी घ्या. वजनकाट्यावर ३० ग्रॅम कॉस्टिक सोडा मोजा. चमच्याने मोजू नका, सोड्याचे मोती आणि सोड्याचे पापुद्रे यांचं चमचाभर वजन सारखं नसतं. सोडा पाण्यात घाला. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून अंगावर येतं. ढवळताना पाणी तापेल, वाफ नाकात घेऊ नका. निवलं की वापरा.

ॲल्युमिनियमची पातेली, झारे आणि ट्रे या कामातून बाद. क्षार ॲल्युमिनियम खातो, हायड्रोजन वायू सुटतो आणि विरघळलेला धातू पावात जातो. आपल्याकडचे बरेच बेकिंग ट्रे ॲल्युमिनियमचेच असतात, हे भाजायची वेळ आल्यावर आठवून उपयोग नाही. त्यावर आधीच सिलिकॉनची चटई अंथरा. साधा बटर पेपर क्षाराने विरतो आणि ब्रेत्सेलच्या बुडाला असा चिकटतो की कागदासकट खावी लागेल.

स्टीलच्या झाऱ्याने प्रत्येक नग १५ सेकंद बुडवा, उलटा, आणखी १५ सेकंद, निथळून चटईवर. हातावर थेंब पडला तर नळाखाली भरपूर वाहत्या पाण्यात १५-२० मिनिटं धरा. त्वचेवर व्हिनेगर ओतू नका. ते ओटा पुसायला ठेवा. डोळ्यात गेलं तर तितकाच वेळ पाण्याने धूत राहा आणि तसंच डॉक्टरांकडे. उरलेलं द्रावण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा, किंवा नाव लिहिलेल्या जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. पाण्याच्या बाटलीत ठेवायचा विचारही नको.

कॉस्टिक सोड्याची धास्ती वाटत असेल तर मधला मार्ग आहे. खाण्याचा सोडा भाजून घ्यायचा. नुसता खाण्याचा सोडा पाण्यात उकळला तरी फार सौम्य राहतो. रंग बिस्किटासारखा पिवळसर येतो आणि वास येतच नाही. पण १०० ग्रॅम सोडा स्टीलच्या थाळीत पसरून १३० अंशांवर तासभर ठेवला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याच्या सोड्याइतका तीव्र क्षार उरतो. झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पांढरी पावडर पांढरीच राहते. वजन करा. काटा ६३-६५ ग्रॅम दाखवत असेल तर काम झालं, ८० दाखवत असेल तर पुन्हा ओव्हनमध्ये. हा ६० ग्रॅम सोडा लिटरभर पाण्यात घालून, पाणी उकळीच्या खाली ठेवून, प्रत्येक बाजू ३० सेकंद. हा सोडाही हाताला झोंबतो, मोजे हवेतच. रंग अस्सलच्या जवळ जातो, चव तितकी नाही. पापडखार वापरू नका. दुकानादुकानात त्यातलं मिश्रण बदलतं.

मीठ, चीर, भट्टी

बुडवल्यावर लगेच पोटावर मीठ, हातांवर नको. आपलं खडे मीठ ओलसर असतं. तसंच टाकलं तर भट्टीत जायच्या आधीच पाझरून पांढुरके डाग पाडतं. तव्यावर कोरडं भाजा, जाडसर कुटा, चाळून बारीक पूड काढून टाका, आणि ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याएवढे तुकडे वापरा.

श्वाबियन असेल तर आता ब्लेडने पोटाच्या सर्वांत जाड भागावर ८ सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर खोल चीर द्या, एकाच ओढीत. करवतीसारखं मागे-पुढे केलं तर कडा फाटतात.

ओव्हन २३० अंशांवर किमान २० मिनिटं आधी तापवा. मधल्या फळीवर १४ ते १६ मिनिटं. ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. वाफेची गरज नाही. शेवटची तीन मिनिटं दार बोटभर उघडं ठेवलं तर कवच कोरडं आणि चकचकीत होतं. रंग चिंचोक्यासारखा हवा: गडद, तांबूस, तुकतुकीत. नवखे सोनेरी रंगावरच काढतात, तेव्हा ती आतून कच्ची आणि बाहेरून फिकट असते. जाळीवर निववा. ट्रेवरच ठेवली तर बूड घामेजतं.

बिघडलं तर

फिकट राहिली तर क्षार सौम्य होता किंवा ओव्हन थंड. रंग डागाडागांचा आला तर कातडं ओलं होतं. कवचावर बारीक फोड आले तर पीठ जास्त फुगलं किंवा फ्रिजमधून काढल्यावर दव धरलं. निवताना सुरकुत्या पडल्या तरीही दोष जास्त फुगण्याचाच. एका बाजूने पोट फाटलं तर उलट, पीठ कमी फुगलं होतं. हात सुटले तर वळताना पीठ भुरभुरलं होतं. साबणासारखी चव लागली तर द्रावण तीव्र झालं किंवा नग नीट निथळला नाही. पुढच्या वेळी काटा तपासा, अंदाजाने पाणी वाढवू नका.

ठेवायची कशी

ब्रेत्सेल त्याच दिवशी खायची वस्तू आहे. मुंबईच्या पावसाळ्यात तीन-चार तासांत कवच चिवट होतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको: मीठ ओल ओढून विरघळतं आणि वर चिकट पाणी सुटतं. जास्त करायच्या असतील तर वळलेल्या, फ्रिजमध्ये ताठ झालेल्या कच्च्या ब्रेत्सेल ट्रेवर गोठवा आणि मग डब्यात भरा. तीन आठवडे राहतात. हव्या तेव्हा काढून १० मिनिटं बाहेर ठेवा, क्षारात बुडवा आणि दोन मिनिटं जास्त भाजा. भाजून उरलेल्या गोठवायच्या असतील तर आधी वरचं मीठ झाडून टाका, आणि खायच्या वेळी पाण्याचा हात फिरवून १८० अंशांवर पाच मिनिटं गरम करा. मीठ नंतर, लोण्यावर.